वीतभर बाजूला

"लय जवळ मारायचं, पर लागू द्यायचं न्हाई."

मुनीरभाई हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणायचे. हॉटेलात बशीत चहा ओतता ओतता म्हणायचे, बांधावर बिडी पेटवताना म्हणायचे. एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या नवरदेवाच्या मामाला म्हणाले, आणि तो परगावचा माणूस जेवण संपेपर्यंत घाबरून गप्प बसला. आमच्या गावात मात्र शाळेत न जाणाऱ्या पोरालाही या वाक्याचा अर्थ माहीत होता. ते वानरांबद्दल होतं.

आमचं गाव अंबडच्या रस्त्याला आहे. गावाच्या तीन अंगांना मोसंबी आणि चौथ्या अंगाला मारुती. वानरांचं राहणं मारुतीमागच्या चिंचांवर आणि जेवण मोसंबीच्या बागांत, असा त्यांनी फार जुन्या काळापासून बंदोबस्त करून ठेवलेला आहे. वानर अख्खं फळ खात नाही. एक चावा घेतं, तोंड वाकडं करतं आणि दुसरं तोडतं. मोसंबीच्या आंबे बहाराची फळं भरत आली की सकाळी झाडाखाली चावलेल्या मोसंब्यांचा सडा पडलेला असायचा. शेतकरी तो सडा बघायचा, मनात जे यायचं ते ओठावर येऊ द्यायचा नाही, आणि शनिवारी त्याच वानरांना मारुतीपुढं खोबऱ्याचा तुकडा द्यायला जायचा.

उपाय झाले नाहीत असं नाही. फटाके झाले, बुजगावणी झाली. अण्णासाहेबांनी, म्हणजे ज्यांची बाग गावात सगळ्यांत मोठी आणि ज्यांचा शब्द बागेहून मोठा, त्यांनी भोंग्यावर वाघाची डरकाळी लावली. पहिल्या दिवशी वानरं पळाली. दुसऱ्या दिवशी गावातली कुत्री पळाली. तिसऱ्या दिवशी बघावं तर भोंग्यावर टोळीचा म्होरक्या हुप्प्या बसलेला, आणि शेपटी खाली सोडून तो डरकाळी ऐकतोय.

मग बंदुकीची गोष्ट निघाली. गावातल्या कुणाचीही बंदूक धरायची तयारी नव्हती. मारुतीच्या गणावर नेम धरायचा म्हणजे घरात काही बरंवाईट झालं की बायको आयुष्यभर तेच काढणार. तेव्हा अण्णासाहेब मुनीरभाईंच्या दारात गेले आणि मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, की तुमच्यात त्याचं काही नसतं, तर तुम्हीच राखण करा.

मुनीरभाई जातीचे पिंजारी. बापाच्या हातात कापूस पिंजायची पिंजण होती, गावातली प्रत्येक गादी त्या घरातून फुलून गेली होती. पुढं जालन्याहून तयार गाद्या टेम्पोत भरून यायला लागल्या आणि पिंजण भिंतीला टांगली गेली. पिंजणीच्या तारेची जागा मुनीरभाईंच्या हातात एका छऱ्याच्या बंदुकीनं घेतली. तरुणपणी हौसेनं घेतलेली, नळी मोडून भरायची, लाकडी दस्त्याची बंदूक. तिला नूरबीनं, त्यांच्या बायकोनं, गोधडीच्या तुकड्यांची खोळ शिवलेली. त्या बंदुकीनं मुनीरभाई शाळा सुटल्यावर पोरांना चिंचा पाडून द्यायचे. आकड्याला छर्रा लावायचे नाहीत, देठाला लावायचे. चिंच अख्खी खाली यायची.

अण्णासाहेबांचं ऐकून घेऊन मुनीरभाई म्हणाले, "आमच्यात काय असतं ते राहू द्या अण्णा. मला वानर मारायचं न्हाई. जवळ मारीन. पटत असंल तर बोला."

अण्णासाहेबांना तेच पाहिजे होतं. पाप नको आणि फळ वाचावं, अशी गावाची दोन्ही बाजूंनी इच्छा होती, आणि ती दोन्ही बाजूंनी पुरी करणारा माणूस घराजवळच सापडला.

त्या दिवसापासून मुनीरभाई बागांचे राखणदार झाले. वानर फळाला हात घालायचं आणि त्याच्या कानाजवळचं पान टपकन गळून पडायचं. वारा नाही, पाखरू नाही, आणि पान कसं पडलं? वानर त्या पडत्या पानाकडं बघायचं, मग मुनीरभाईंकडं बघायचं, आणि मोठ्या नाराजीनं झाड सोडायचं. दुसरं पान पाडायची वेळ क्वचितच यायची. फुटकी, डागी फळं मुनीरभाई पलीकडच्या बांधावर पसरून ठेवायचे. टोळी तिकडं जायची. टोळीचा हुप्प्या मोठा रुबाबदार होता, छाती काढून चालायचा. त्याला मुनीरभाई पाटील म्हणायचे. "पाटील आज उशिरानं आले," असं ते असं काही सांगायचे की ऐकणाऱ्यानं डोक्याला हात लावून टोपी सारखी करावी.

आणि सांगायचे फार. हा त्यांचा दोष म्हणायचा तर होता. हॉटेलात बसले की नेमाच्या गोष्टी सुरू. वीतभर बाजूला म्हणजे वीतभरच, बोटभर इकडं न्हाई की तिकडं न्हाई. छर्रा मी बोललं तिथं जातो, बोललं न्हाई तिथं त्याची जायची हिंमत न्हाई. गाव ऐकायचं आणि विश्वास ठेवायचं. परगावचे पाहुणे आले की गाव त्यांना मुनीरभाई दाखवायचं. अंबडच्या बाजारात आमच्याकडचा माणूस मोसंबीचा भाव सांगायच्या आधी मुनीरभाईंचा नेम सांगायचा.

हे असं बराबर चाललं होतं, आणि एका शनिवारी पाटील मारुतीला लंगडत आले.

ते पहिल्यांदा पुंजारामबुवांनी बघितलं. बुवा देवळाची झाडलोट करतात, देवाला तेल-शेंदूर करतात आणि गावात काय वाईट होणार आहे ते आधी सांगतात. हुप्प्याचा मागचा डावा पाय सुजलेला होता. तो टेकवत नव्हता. खोबरं घेतलं, पण नेहमीसारखी उडी मारून चिंचेवर न जाता भिंतीला धरून हळूहळू चढला. बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. बबलूनं, ज्याचा टेम्पो आहे आणि ज्याच्या मोबाइलमधून गावात काहीच सुटत नाही, त्यानं त्याचा व्हिडिओ काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत पुण्यात कामाला गेलेल्या पोरांकडूनही जोडलेल्या हातांची चित्रं येऊन पडली.

जनावरांचे डॉक्टर आले. वानर काही खाली उतरून पाय दाखवीना. डॉक्टरांनी चिंचेखालून बघितलं आणि म्हणाले, काटा असंल, काटेरी तार असंल, न्हाई तर दुसऱ्या हुप्प्याशी भांडण झालं असंल. एका पायाला तीन कारणं गावाला पटली नाहीत. गावाला एक कारण पाहिजे होतं, आणि ते तर रोज बंदूक खांद्याला लावून बागेत फिरत होतं.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमली. मुनीरभाईंना बोलावणं गेलं. ते आले, चप्पल काढून पाराच्या कडेला बसले. कुणी आवाज चढवला नाही. आमच्या गावात अशा वेळी सगळे फार हळू बोलतात, त्यावरून प्रकरण किती मोठं आहे ते कळतं.

पुंजारामबुवा म्हणाले, की मुनीरभाई, तुम्हीच म्हणता, छर्रा बोललं तिथं जातो. मंग पायाला कसा गेला?

मुनीरभाई म्हणाले, की म्हणून तर सांगून राह्यलो, तो माझा न्हाई.

इथं अण्णासाहेबांनी हात वर केला. त्यांना भांडण नको होतं. फळं भरत आली होती, आणि मुनीरभाईंच्या जागेला दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता. त्यांनी सरळ रस्ता दाखवला. म्हणा की चुकला. वय झालं, हात हलला, नजर हलली. चुकून झालं त्याला देवाजवळ माफी असती. एक नारळ फोडू, उद्यापासून तुम्ही बागेत. पर तुम्ही म्हणत असाल की मुनीरचा छर्रा चुकतच न्हाई, तर मंग लोक म्हणतील जाणून मारला. आणि जाणून मारला म्हणल्यावर मलाबी तुम्हाला बागेत ठेवता यायचं न्हाई.

पारावरच्या सगळ्या माना हलल्या. रस्ता खरंच चांगला होता. एका शब्दाचं काम होतं.

मुनीरभाईंनी पाराखालची चप्पल पायानं सरळ केली. मग म्हणाले, "चुकला न्हाई, अण्णा. तर चुकला कसं म्हणू?"

घरी नूरबीनं ताट वाढलं आणि समोर बसली. पारावरचं बोलणं तिच्यापर्यंत त्यांच्या आधी पोचलं होतं. त्यांचा पोरगा अतिक जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये जातो. तोही नेमका आला होता, आणि तो तर म्हणत होता की अब्बा, सोडून द्या ती बाग, मिलच्या गेटवर वॉचमन पाहिजेत. नूरबीला ते नको होतं. तिचा जन्म या गावात गेला होता. शेजारणींच्या बाळंतपणाच्या गोधड्या तिनं शिवल्या होत्या. उद्या त्याच बाया तिला पाण्यावर बघून गप्प झाल्या असत्या.

"बोल देते ना, चूक गया करके," ती म्हणाली. "क्या जाता था?"

"सब जाता था," मुनीरभाई म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले.

त्यांचं सगळं ते काय होतं, हे मी कितीदा तरी मनात मोजून बघितलंय. जमीन नव्हती. घराला पत्रे. नावापुढं गावात कधी कुणी काही लावलं नव्हतं. एवढी एकच गोष्ट होती की हा माणूस जिथं म्हणतो तिथं मारतो. ती त्यांनी स्वतः मिळवली होती, आणि पिंजण गेली तशी ती जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती.

तोड बबलूनं काढली. जालन्याला, मिलच्या बाजूला, बियाणांच्या एका जुन्या गोदामात नेमबाजी शिकवतात. तिथं बंदुकीचीच परीक्षा घेता येती, बंदूक सरळ मारती का वाकडी, ते कागदावर दिसतं. अण्णासाहेबांच्या डोळ्यांत उजेड पडला. बंदूक एवढी जुनी, ती वाकडी निघणारच. माणसानं चूक कबूल केली नाही तरी चालेल, बंदुकीकडून कबूल करून घेता येईल. खर्चा मी करतो, ते म्हणाले.

सोमवारी बबलूच्या टेम्पोत मागं आम्ही माणसं बसलो, पुढं अण्णासाहेब. बंदूक खोळीत घालून मुनीरभाईंनी मांडीवर घेतली होती. पुंजारामबुवांनी घरून निघतानाच मारुतीला सांगून ठेवलं होतं, की बंदूक वाकडी निघू दे.

त्या गोदामाच्या दारात सगळ्यांनी न सांगता चपला काढल्या. आत लांबलचक हॉल, एका टोकाला बाकं, दुसऱ्या टोकाला दिव्याखाली टांगलेले मोठाले कागद. मध्ये दहा मीटरचं अंतर. कागद दोरीवर होते, चाक फिरवलं की जवळ यायचे. शिकवणारी मोनाली नावाची मुलगी होती, केस घट्ट बांधलेली, बोलायला मोजकी. तिला आधी कळेना की एवढी माणसं एका बंदुकीबरोबर का आली आहेत. अण्णासाहेबांनी वानराचं नाव न काढता सांगितलं, की जरा ही सरळ का वाकडी बघायचंय.

तिनं बंदूक खोळीतून काढली. दस्त्यावरून हात फिरवला, नळीतून उजेडाकडं बघितलं. तेल कोणतं घालता, असं मुनीरभाईंना विचारलं. शिवणयंत्राचं, ते म्हणाले. ती हसली आणि म्हणाली, ठीक आहे.

एका जड बाकाला लोखंडी शिकंजा बसवलेला होता. त्याच्या दोन्ही जबड्यांना रबर. मोनालीनं बंदूक त्यात धरली, हलणार नाही अशी आवळली, आणि नेम कागदावरच्या काळ्या गोलाच्या मधोमध लावला. मग गावाला समजावून सांगितलं, की आता घोडा फक्त दाबायचा, धरायचं काही नाही. माणसाचा हात लागला की चूक बंदुकीची का माणसाची ते कळत नाही. म्हणून आधी माणूस बाजूला काढायचा.

हे सगळ्यांना फार पटलं. मुनीरभाई बाजूला झाले.

तिनं एक छर्रा मारला, कागद ओढून घेतला, नवा लावला. दुसरा मारला, तो कागद काढला. असं पाच वेळा केलं, आणि पाचही कागद टेबलावर ओळीनं मांडले. सगळे वाकून बघायला लागले. प्रत्येक कागदावर एक भोक. प्रत्येक भोक त्याच जागी, काळ्याच्या मधोमध, जणू एकाच कागदाच्या पाच नकला काढल्या.

मोनाली म्हणाली, की एवढ्या जुन्या बंदुकीचं असं मी बघितलेलं नाही. कुणी ठेवली आहे इतकी नीट?

मुनीरभाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते पोरगी पहिल्या नंबरानं पास झाल्यावर बापाच्या चेहऱ्यावर येतं. बाकीच्यांचे चेहरे मात्र नापास झालेल्याच्या बापासारखे झाले. बंदूक सरळ होती. पुंजारामबुवांनी एकेक कागद उचलून उलटा करूनसुद्धा बघितला. मागूनही सरळच होती.

बबलू दबक्या आवाजात म्हणाला, की मंग आता राहिला माणूस.

अण्णासाहेबांनी श्वास सोडला. त्यांनी मुनीरभाईंना थोडं बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि बोलले ते सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोलले, की आता तुम्ही मारा. बिलकुल जल्दी करू नका. आणि हे बघा, चुकलं तरी काही न्हाई. चुकलं तर उलट बरंच हाय.

मी तिथं होतो म्हणून सांगतो, नेम चुकावा म्हणून इतकी माणसं एका जागी इतक्या मनापासून बसलेली मी आधी कधी बघितली नव्हती. बुवांचे ओठ हलत होते. कुणीतरी खोकला दाबून धरला होता. त्यांच्यात एकानंही मुनीरभाईंचं वाईट चिंतलेलं नव्हतं. त्यांचं भलं व्हावं, आणि त्यासाठी त्यांना काही येत नाही असं निघावं, एवढीच सगळ्यांची इच्छा होती.

मोनालीनं नवा कागद लावला. या वेळी एकच. पाचही यातच मारा काका, ती म्हणाली, आणि दुसऱ्या बाजूला शिकायला आलेल्या पोरींना काही दाखवायला गेली.

मुनीरभाई खुर्चीवर बसले नाहीत. उभेच राहिले, बागेत उभे राहतात तसे, डावा पाय थोडा पुढं, दस्ता गालाला. नळी मोडली, छर्रा घातला, मारला. परत मोडली, घातला, मारला. मध्ये थांबले नाहीत आणि घाईही केली नाही. बघणाऱ्याला वाटावं की माणूस आपला रोजचा कामधंदा करतोय. पाच झाले. त्यांनी बंदूक बाकावर ठेवली.

बबलूनं चाक फिरवलं. कागद डुलत डुलत आला. आधी सगळ्यांनी काळा गोल बघितला. गोल कोरा होता. एकही छर्रा नव्हता. मग बुवांना दिसलं. पार कोपऱ्यात, जिथं कागदाचा छापील नंबर होता, तिथं एक भोक. तेही धड गोल नाही, कडा फाटलेल्या, करंगळीचं टोक जाईल एवढं.

"पाचातला एक लागला," बबलू म्हणाला. "तेबी कागद फाडून गेलाय. बाकीचे चार कागदालाबी न्हाईत."

आधीच्या पाच कागदांनी त्यांना शिकवलं होतं की एका छऱ्याचं एक भोक. त्या हिशेबानं बघितलं तर बबलूचं म्हणणं बराबर होतं.

हॉलमध्ये काय आनंद झाला म्हणून सांगू. पुंजारामबुवांनी छताकडं बघून हात जोडले. अण्णासाहेबांनी मुनीरभाईंना छातीशी धरलं. वानराला लागलं ते चुकून लागलं, हे आता कागदावर आलं होतं. या माणसाचा छर्रा जातो कुठं ते त्याचं त्यालाच माहीत नाही, आता काय राहिलं? अण्णासाहेबांनी बबलूला चहा आणायला पाठवलं आणि येताना पेढे आण म्हणाले. मंगळवारपासून बाग तुमचीच मुनीरभाई, शनिवारी नारळ मी फोडतो, तुम्ही नुसतं उभं राहा.

मुनीरभाई ओठ घट्ट धरून उभे होते. कुणी पाठीवर थाप मारली की मान हलवायचे. मला वाटलं, जमलं. शेजारणींच्या गोधड्या नूरबीकडंच राहिल्या, पाण्यावरचं बोलणं वाचलं. एवढं गिळायचं आणि टेम्पोत बसायचं.

चहा आला. सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले. आणि मन मोकळं झालं की माणूस थट्टा करतो, तशी सुरू झाली. बुवा म्हणाले, इतकी वर्षं गाव उगंच भ्यालं. कुणी म्हणालं, आन् वानरंबी उगंच भ्याली, त्यांना जाऊन सांगायला पाहिजे. बबलूनं कोऱ्या गोलाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलेलं वाचून दाखवलं, की मुनीरचाचाच्या समोर उभं राहणं गावात सगळ्यांत सुरक्षित. सगळे हसले. अण्णासाहेबही हसले, आणि प्रेमानं म्हणाले, "मुनीरभाई, आता त्या चिंचेच्या देठाच्या गोष्टी बंद करा बरं का. लोक हसतील."

मुनीरभाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"भोक मोजू नका, अण्णा," ते म्हणाले. "छर्रे मोजा. पाचीच्या पाची तिथंच हायेत."

कुणाला कळलं नाही. तेवढ्यात मोनाली पोरींकडून परत आली होती. तिनं टेबलावरचा कागद उचलला, कोपऱ्यातल्या भोकाकडं बघितलं, आणि तिचा चेहरा बदलला. ती तशीच हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेली. कागदामागं छर्रे अडवायला चिकणमातीचा थर लावलेला असतो. त्यात तिनं बोट घातलं, उकरलं, आणि मूठ मिटून परत आली. टेबलावर मूठ उघडली. शिशाचे पाच दाणे, एकमेकांवर आपटून चपटे झालेले, दोन तर एकमेकांत रुतलेले.

"पाचही एकाच भोकातून गेलेत," ती म्हणाली. तिला वाटलं ही आनंदाची गोष्ट आहे. "काका, मध्ये का नाही मारले?"

"मध्ये वानर असतं, बाई," मुनीरभाई म्हणाले.

त्यांनी हात पुढं केला आणि अंगठा काळ्या गोलावर ठेवून वीत पसरली. करंगळी त्या फाटक्या भोकावर जाऊन टेकली.

पेढ्याचा बॉक्स उघडलेला होता. कुणी हात घातला नाही. बुवांनी घेतलेला पेढा तसाच हातात राहिला. आता कुणी हसत नव्हतं, कारण गाव परत पारावर आलं होतं, तिथंच, जिथून निघालं होतं. अण्णासाहेबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी फार मेहनतीनं एक माणूस वाचवला होता, आणि त्या माणसानं स्वतःच्या हातानं तो बुडवला होता.

"मुनीरभाई," ते अगदी हळू म्हणाले, "गप बसायचं होतं. आता मला सांगा, हात इतका बराबर हाय, तर पाटलाच्या पायाला लागला कसा?"

मुनीरभाई बंदूक खोळीत घालत होते. नाडी बांधली. मग म्हणाले, "अण्णा, मी मारला असता तर पायाला लागला नसता."

हे वाक्य त्यांच्या बाजूचं होतं. सरळ होतं, खरं होतं, आणि मोनालीच्या पाच कागदांपेक्षा पक्कं होतं. पण त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला त्यातून दुसरंच ऐकू आलं, की यानं मारलाच असता तर छर्रा पायावर थांबला नसता. बुवांनी पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. बबलूनं मोबाइल खिशात घातला. अण्णासाहेबांनी एकदा त्या पाच दाण्यांकडं आणि एकदा मुनीरभाईंच्या हाताकडं बघितलं, आणि मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना त्या हाताची भीती वाटली. इतकी वर्षं तो हात त्यांच्या बागेत होता, आणि त्याला खरंच सगळं येत होतं.

"मंग बागेचं राहू द्या," अण्णासाहेब म्हणाले. "मी बघतो दुसरं काही."

मुनीरभाईंनी मान हलवली. कमरेच्या करगोट्यातून बागेतल्या झोपडीची किल्ली काढली, टेबलावर चहाच्या कपांमध्ये ठेवली. अण्णासाहेब म्हणाले, टेम्पोत तर बसा, गावापर्यंत सोडतो. ते म्हणाले, अतिकची पाळी सुटायची वेळ झाली हाय, त्याच्या गाडीवर येतो. मोनालीला त्यांनी सलाम केला. तिनं विचारलं, हा कागद मी ठेवू का? ठेवा, ते म्हणाले.

दारात त्यांनी चपला शोधल्या, घातल्या, आणि खोळ खांद्याला लावून मिलच्या रस्त्याला लागले. दुपारची वेळ, रस्त्यावर सळयांचे ट्रक. गाडी आली की ते कडेला व्हायचे, गेली की परत रस्त्याच्या मधोमध यायचे. गोधडीची ती खोळ, लाल-हिरव्या तुकड्यांची, लांबून फार साजरी दिसत होती.

आम्ही टेम्पोत चढलो. मोनाली कागद हातात धरून दारात उभी होती आणि उघड उघड त्यांच्याकडं बघत होती. मागच्या माणसांनी वेगवेगळ्या दिशांना बघायचं ठरवलं. बबलूनं किल्ली फिरवली तेव्हा अण्णासाहेबांनी त्याच्या हातावर हात ठेवला, थांब म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. बाजूच्या आरशात ते मुनीरभाई लहान लहान होत जाताना बघत राहिले, आणि ट्रकच्या धुळीत ती खोळ दिसेनाशी झाल्यावरच त्यांनी हात काढला.